सहाव्या वाहिनीचा आवाज : ८७.७ वर ऐकू येणारे केंद्र नेमके कशाचे?

शिकागोच्या एका उपनगरात राहणाऱ्या गृहस्थांनी तीन शंका विचारल्या आहेत. मोटारीतल्या रेडिओवर एफएम पट्ट्याच्या अगदी डाव्या टोकाला, ८७.७ या आकड्यावर, त्यांना दिवसभर जुनी इंग्रजी गाणी ऐकू येतात; परंतु त्या केंद्राच्या नावामागे ‘एलडी’ ही अक्षरे लागतात आणि ती अक्षरे अल्पशक्ती डिजिटल दूरचित्रवाणी केंद्राची आहेत. हे कसे घडते आणि ते कायदेशीर आहे का, ही पहिली शंका. आपल्या मराठी मंडळाला आठवड्यातून काही तास अशा केंद्रावर भाड्याने मिळतील का, ही दुसरी. आणि त्यांचे गाव सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात असल्याने तेथे असे काही उभारता येईल का, ही तिसरी.

माझी पहिली नोकरी महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, दूरदर्शनच्या १०० वॅटच्या अल्पशक्ती प्रक्षेपकावर होती. पुढे अमेरिकेत आल्यावर प्रक्षेपण अभियंता म्हणून मी रेडिओ आणि दूरचित्रवाणी अशा दोन्ही प्रकारच्या मनोऱ्यांवर काम केले आणि त्यांत सहाव्या वाहिनीवरचे एक अल्पशक्ती केंद्रही होते. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी थोडे सविस्तर देणार आहे, कारण मंडळाने करारावर सही करायची की नाही हे शेवटी पाव मेगाहर्ट्झच्या एका फटीवर अवलंबून आहे आणि ती फट समजून घेतल्याशिवाय दिलेला सल्ला अर्धवट राहील.

अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या प्रत्येक वाहिनीला ६ मेगाहर्ट्झ रुंदीची जागा मिळते. सहाव्या वाहिनीची जागा ८२ ते ८८ मेगाहर्ट्झ अशी आहे आणि एफएम रेडिओचा पट्टा ८८ पासून १०८ पर्यंत आहे. म्हणजे ही दोन घरे एका भिंतीने जोडलेली आहेत. हा शेजार १९४५ चा. एफएमचे जनक एडविन आर्मस्ट्राँग यांनी ज्या ४२ ते ५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एफएम उभे केले होते, तेथून ते उठवून वर नेण्याचा निर्णय अमेरिकेच्या संघीय संपर्क आयोगाने त्या वर्षी घेतला आणि एफएम येऊन बसले ते थेट सहाव्या वाहिनीला लागून.

आता त्या ६ मेगाहर्ट्झच्या आतली मांडणी पाहू. १९४१ मध्ये स्वीकारलेल्या एनटीएससी या अमेरिकेच्या जुन्या ॲनालॉग दूरचित्रवाणी पद्धतीत चित्र आणि आवाज यांच्या वाहक लहरी, म्हणजे त्यांना वाहून नेणाऱ्या मूळ रेडिओ लहरी, वेगवेगळ्या होत्या. चित्राची वाहक लहर वाहिनीच्या तळापासून १.२५ मेगाहर्ट्झवर असे आणि आवाजाची तिच्या वर ४.५ मेगाहर्ट्झवर. सहाव्या वाहिनीचा हिशेब केला तर चित्र ८३.२५ वर आणि आवाज ८७.७५ वर येतो. चित्र एएम पद्धतीने जाई, पण आवाज मात्र एफएम पद्धतीने. त्यामुळे ज्या रेडिओची सुई ८८ च्या किंचित खाली जाऊ शकते, त्याच्या दृष्टीने सहाव्या वाहिनीचा आवाज हे आणखी एक एफएम केंद्रच असते. बहुतेक रेडिओ खालच्या टोकाला ८७.५ पर्यंत किंवा निदान ८७.७ पर्यंत उतरतात, कारण युरोपातला एफएम पट्टा ८७.५ पासून सुरू होतो आणि कारखानदार दोन्ही बाजारांसाठी जवळजवळ एकच यंत्र बनवतात. ८७.७ आणि ८७.७५ यांत ५० किलोहर्ट्झचे अंतर राहते, परंतु एफएम ग्राहकाची गाळणी साधारण २०० किलोहर्ट्झ रुंद असल्यामुळे तेवढा फरक कानाला फारसा जाणवत नाही. जवळच्या दोन केंद्रांचा एकमेकांना त्रास होऊ नये म्हणून दूरचित्रवाणीच्या वाहक लहरी १० किलोहर्ट्झने वर किंवा खाली सरकवण्याची मुभा असे. आमच्या केंद्राला खालचे सरकवणे मिळाले होते, म्हणजे आवाज ८७.७४ वर, आणि तेवढ्यानेही काही जुन्या मोटारींत स्वर थोडा स्वच्छ झाल्याचे मला आठवते.

आवाज असा रेडिओवर ऐकू येणे ही काही अल्पशक्ती केंद्रांची युक्ती नव्हती. फिलाडेल्फियाच्या डब्ल्यूपीव्हीआय या मोठ्या केंद्राची वाहिनी सहावीच होती आणि कामावरून घरी परतणारे लोक संध्याकाळच्या बातम्या मोटारीत ८७.७ वर ऐकत असत. जपानमध्ये तर याचा विस्तार आणखी मोठा होता. तेथला एफएम पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो आणि तेथील पहिल्या तीन दूरचित्रवाणी वाहिन्या ९० ते १०८ च्या दरम्यान होत्या. म्हणून १०८ पर्यंत जाणाऱ्या रेडिओवर या तिन्ही वाहिन्यांचा आवाज मिळे आणि रेडिओ बनवणारे ते पेटीवर छापून विकतही असत.

अमेरिकेत जे वेगळे घडले ते असे की काही लोकांनी हा उपपरिणाम हाच मुख्य व्यवसाय केला. संघीय संपर्क आयोगाने १९८२ मध्ये अल्पशक्ती दूरचित्रवाणी ही सेवा सुरू केली. लहान गावे, शहरांतले विशिष्ट समाज आणि मोठ्या केंद्रांचे संकेत जेथे पोहोचत नाहीत अशा दऱ्याखोऱ्या, यांच्यासाठी ती होती. या सेवेला दुय्यम दर्जा दिलेला आहे. याचा अर्थ असा की पूर्णशक्ती केंद्राला जागा हवी झाली तर अल्पशक्ती केंद्राने बाजूला व्हायचे आणि त्याच्यामुळे कोणाला व्यत्यय आला तर तो त्यानेच दूर करायचा. या दुय्यमपणामुळे असे परवाने तुलनेने स्वस्त असत, तर मोठ्या शहरात एफएमचा परवाना विकत घ्यायला कोट्यवधी डॉलर लागत. ज्याच्याकडे सहाव्या वाहिनीचा अल्पशक्ती परवाना आहे, त्याच्याकडे न मागता एक एफएम केंद्र आलेले आहे, हे कोणाच्या तरी लक्षात येणे अपरिहार्यच होते. विरोधकांनी अशा केंद्रांना कादंबरीतल्या, निरनिराळे अवयव जोडून बनवलेल्या फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसावरून ‘फ्रँकेन-एफएम’ असे नाव ठेवले. आयोगाच्या कागदपत्रांत त्यांना ‘एफएम-६’ म्हणतात.

न्यूयॉर्कचे डब्ल्यूएनवायझेड-एलपी हे त्यांतले गाजलेले केंद्र. २००८ मध्ये ते ‘पल्स ८७’ या नावाने नृत्यसंगीत वाजवू लागले आणि शहरात त्याला चांगला श्रोतृवर्ग मिळाला, परंतु ते चालवणारी कंपनी पुढच्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. आपल्या शिकागोच्या ८७.७ चा इतिहास मंडळाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. २००९ मध्ये तेथे डब्ल्यूएलएफएम-एलपी या नावाने हळुवार जॅझ सुरू झाले. मग दुसऱ्या चालकांकडे ते गेले आणि रॉक संगीत आले. २०१४ मध्ये तेथे ‘द गेम’ नावाचे क्रीडाचर्चेचे केंद्र होते आणि ते वर्षभरात बंद झाले. फेब्रुवारी २०१५ पासून वायगेल ब्रॉडकास्टिंगने ‘मी-टीव्ही एफएम’ सुरू केले, तेच आपण आज ऐकता. सहा वर्षांत चार नावे आणि चार प्रकारचे कार्यक्रम झाले. परवाना एकाचा आणि कार्यक्रम दुसऱ्याचा, ही या केंद्रांची सर्वसाधारण रचना असल्यामुळे भाडेकरू बदलला की केंद्राचे सगळे रूपच बदलते.

अशा केंद्रावर काम करणे हा तांत्रिकदृष्ट्या विलक्षण अनुभव होता आणि त्याबद्दल थोडे अधिक लिहिण्याचा मोह मला आवरत नाही. पहिली अडचण आवाजाच्या पातळीची. एफएम रेडिओत वाहक लहर दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंत हलते. एनटीएससीच्या एकस्वरी (मोनो) आवाजात ती फक्त २५ पर्यंत हलायची. या हलण्याला विचलन म्हणतात. एक तृतीयांश विचलन म्हणजे सुमारे साडेनऊ डेसिबलची घट. श्रोता १०१ वरून ८७.७ वर आला की त्याला एकदम कोणी खोलीचे दार लोटल्यासारखे वाटे. दुसरी अडचण स्टिरिओची. रेडिओचा स्टिरिओ दिवा १९ किलोहर्ट्झच्या दर्शक स्वरावर पेटतो, तर दूरचित्रवाणीच्या बीटीएससी नावाच्या स्टिरिओ पद्धतीत तो दर्शक स्वर चित्राच्या ओळींच्या गतीला बांधलेला, म्हणजे १५.७३४ किलोहर्ट्झवर असतो. म्हणून दूरचित्रवाणीच्या रीतीने स्टिरिओ पाठवला तरी मोटारीत तो एकस्वरीच ऐकू यायचा. बीटीएससीखेरीज अन्य पद्धतीने बहुध्वनी पाठवायला नियमांत वाव होता. त्याचा आधार घेऊन अनेक केंद्रांनी सरळ रेडिओचाच स्टिरिओ आणि रेडिओइतकेच विचलन वापरायला सुरुवात केली. तेव्हा कोठे ८७.७ हे शेजारच्या केंद्रांच्या बरोबरीने वाजू लागले, आणि घरातल्या दूरचित्रवाणी संचावर तोच आवाज विद्रूप होऊ लागला. मी ज्या केंद्रावर होतो तेथे मालकांचा निरोप स्पष्ट होता : संचाकडे पाहू नका, मोटारीत बसून ऐका.

तिसरी गोष्ट अँटेनाची. दूरचित्रवाणीच्या लहरी परंपरेने आडव्या ध्रुवणाच्या, म्हणजे आडव्या दिशेत डोलणाऱ्या, असतात, कारण छपरावरची अँटेना आडवी असते. मोटारीची काठी मात्र उभी. आडव्या लहरीतली फार थोडी शक्ती उभ्या काठीला मिळते. म्हणून या केंद्रांचा सगळा प्रयत्न उभा घटक मिळवण्याकडे असे. शक्तीचा प्रश्नही होताच. अल्पशक्ती केंद्राला या पट्ट्यात जास्तीत जास्त ३ किलोवॅट प्रभावी शक्ती (अँटेनाने एकवटल्यावर बाहेर पडणारी शक्ती) मिळते आणि आवाजाचा वाटा पारंपरिक मांडणीत चित्राच्या शिखरशक्तीच्या दहा ते वीस टक्के असतो. म्हणजे हातात उरतात काहीशे वॅट. उंच इमारतीच्या माथ्यावर अँटेना असेल तर तेवढ्या शक्तीत शहर व्यापता येते, कारण या लहरींच्या बाबतीत वॅटपेक्षा उंची अधिक कामाला येते. तीच शक्ती शंभर फुटी मनोऱ्यावरून सोडली तर आवाज जवळपासच्या उपनगरांपलीकडे नीट जात नाही.

पडद्यावर काय दिसे, असे मला अनेकांनी विचारले आहे. परवाना दूरचित्रवाणीचा असल्यामुळे काहीतरी चित्र जाणे आवश्यक होते, म्हणून कोठे केंद्राचे बोधचिन्ह, कोठे हवामानाचा नकाशा, कोठे सरकती छायाचित्रे असत. एका हिवाळ्यात रविवारी सकाळी आमच्या चित्राच्या बाजूचा एक्सायटर, म्हणजे प्रक्षेपकात मूळ संकेत तयार करणारा भाग, बंद पडला. मी बर्फातून गाडी काढून डोंगरावर पोहोचेपर्यंत चार तास गेले आणि त्या चार तासांत चित्र गेल्याची एकही तक्रार आली नव्हती. त्याआधीच्याच महिन्यात आवाज तीन मिनिटे गेला होता, तेव्हा कार्यालयातले सर्व फोन एकाच वेळी वाजू लागले होते. तरीही मी त्या दिवशी सुटा एक्सायटर लावून, एक स्थिर चित्र का होईना, पुन्हा हवेत सोडले आणि मगच खाली उतरलो. परवान्यावर लिहिलेली सेवा चित्राची होती. ती बंद असताना आवाज चालू ठेवणे म्हणजे केंद्राच्या कायदेशीर पायाखालची माती आपल्याच हाताने उकरणे होते, आणि मला ते कधीही मान्य झाले नाही. या केंद्रांबद्दल आयोगाकडे ज्या तक्रारी गेल्या त्यांतली खरी हरकत नेमकी हीच होती की दूरचित्रवाणीच्या नावाने घेतलेली ६ मेगाहर्ट्झ जागा रेडिओच्या पाव मेगाहर्ट्झसाठी अडवून ठेवली आहे. मी त्या केंद्रावर पगार घेत होतो, तरी ही हरकत मला रास्त वाटते. आणि तितक्याच खरेपणाने हेही सांगतो की त्या पाव मेगाहर्ट्झवर रशियन, कोरियन आणि स्पॅनिश भाषांतून जे कार्यक्रम निरनिराळ्या शहरांत ऐकू आले, त्यांना दुसऱ्या कोणत्याही एफएम केंद्रावर सहजासहजी जागा मिळाली नसती.

दुसरी हरकत शेजाऱ्यांची होती. ८८.१ ते ९१.९ हा एफएमचा भाग अमेरिकेत अव्यावसायिक केंद्रांसाठी, म्हणजे विद्यापीठे, शैक्षणिक संस्था आणि सार्वजनिक रेडिओ यांच्यासाठी राखून ठेवलेला आहे. या केंद्रांनी सहाव्या वाहिनीच्या दूरचित्रवाणीला व्यत्यय आणू नये असा जुना नियम आहे आणि त्यापायी अनेक विद्यापीठ केंद्रांना आपली शक्ती कमी ठेवावी लागली किंवा मनोरा दूर न्यावा लागला. ज्या चित्राच्या रक्षणासाठी ही किंमत मोजली ते चित्र कोणी पाहतच नाही आणि तीच वाहिनी व्यावसायिक रेडिओ म्हणून स्पर्धेत उतरते, हे पाहून त्यांना चीड येणे स्वाभाविक होते.

या सगळ्याचा शेवट डिजिटल होण्याने व्हायला हवा होता. पूर्णशक्ती केंद्रांचे ॲनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ रोजी बंद झाले आणि त्या दिवसापासून फिलाडेल्फियाच्या मोटारींतला बातम्यांचा आवाजही थांबला. डिजिटल पद्धतीत आवाजाची वेगळी वाहक लहर नसते. चित्र, आवाज आणि माहिती एकाच आकडेप्रवाहात मिसळून संपूर्ण वाहिनीभर पसरतात आणि रेडिओला त्यातून फक्त खसखस ऐकू येते. अल्पशक्ती केंद्रांना मात्र मुदत मिळत गेली. आधी १ सप्टेंबर २०१५ ही तारीख होती, ती स्थगित झाली आणि अखेर १३ जुलै २०२१ ठरली. फ्रँकेन-एफएमचे सुवर्णयुग म्हणतात ते याच बारा वर्षांतले : मोठ्यांनी ॲनालॉग सहावी वाहिनी सोडली होती आणि लहानांना ती अजून चालवता येत होती.

१३ जुलै २०२१ नंतरही आपल्याला ८७.७ वर गाणी ऐकू येतात, याचे कारण अभियांत्रिकीत आहे. एटीएससी ३.० या नव्या डिजिटल पद्धतीत संकेत हजारो बारीक वाहक लहरींचा बनलेला असतो आणि त्यांतल्या कडेच्या काही लहरी वगळून संकेताची रुंदी सुमारे साडेपाच मेगाहर्ट्झपर्यंत आवळता येते. आवळलेला संकेत वाहिनीच्या खालच्या बाजूला सरकवला की वरच्या टोकाला साधारण अर्धा मेगाहर्ट्झ मोकळा उरतो. त्या मोकळ्या जागेत ८७.७५ वर पूर्वीसारखीच एक ॲनालॉग एफएम वाहक लहर उभी करता येते. ती दोन्ही बाजूंना शंभर किलोहर्ट्झ धरली तरी ८७.६५ ते ८७.८५ एवढ्यात बसते, म्हणजे वरच्या बाजूला ८८ ची भिंत ओलांडत नाही आणि खालच्या बाजूला डिजिटल संकेताला चिकटत नाही. मला ही रचना अतिशय आवडते. जागेचा इतका नेटका वापर आमच्या क्षेत्रात क्वचितच पाहायला मिळतो. सॅन होजेच्या केबीकेएफ-एलडी या केंद्राला अशा प्रक्षेपणाची तात्पुरती परवानगी मिळाली आणि पाठोपाठ इतर केंद्रांनीही ती मिळवली.

तात्पुरत्या परवान्यांचे हे चालढकलीचे पर्व जुलै २०२३ मध्ये संपले. आयोगाने आदेश काढून, त्या वेळी अशी परवानगी असलेल्या १४ केंद्रांना ही सेवा पुढे चालू ठेवू दिली. अटी महत्त्वाच्या आहेत. केंद्र सहाव्या वाहिनीवरच आणि एटीएससी ३.० पद्धतीवर असले पाहिजे. चित्र आणि आवाज जुळलेला निदान एक कार्यक्रम घरोघरच्या संचांसाठी मोफत दिला पाहिजे. एफएमचा आवाज ८७.७५ वरच असला पाहिजे आणि त्याचे क्षेत्र दूरचित्रवाणीच्या क्षेत्राशी मिळतेजुळते असले पाहिजे. कोणालाही व्यत्यय येता कामा नये. आयोगाच्या दृष्टीने हा रेडिओ म्हणजे दूरचित्रवाणीच्या परवान्याला जोडलेली पूरक सेवा आहे, म्हणून तिच्या ढोबळ उत्पन्नावर पाच टक्के शुल्क भरावे लागते. या १४ केंद्रांखेरीज नव्या कोणालाही हे दार उघडलेले नाही. तेव्हा आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर असे की आपण ऐकता ते केंद्र कायद्याने दूरचित्रवाणीचे आहे, त्याचा रेडिओ ही आयोगाने डोळसपणे मान्य केलेली जोडसेवा आहे, आणि त्यात बेकायदेशीर काही नाही.

दुसऱ्या शंकेचे, म्हणजे मंडळाच्या भाडेकराराचे, उत्तर देताना मी अधिक सावध आहे. अशा केंद्रावर वेळ विकत घेता येतो. त्याला येथे कोणतीही बंदी नाही. परंतु मंडळ ज्याचे भाडे भरणार ते केवळ काही तास आहेत. परवाना, मनोरा आणि वारंवारिता यांपैकी कशावरही मंडळाचा हक्क उत्पन्न होत नाही. कार्यक्रमाची अंतिम जबाबदारी परवानाधारकाची असल्याने तो आपला कार्यक्रम नाकारू शकतो आणि चांगल्या करारात तसे कलम असतेच. शिवाय केंद्राचा दर्जा दुय्यम आहे. म्हणून दीर्घ मुदतीचा करार करू नका. तीन किंवा सहा महिन्यांचा करा, आणि प्रक्षेपण कोणत्याही कारणाने थांबले तर उरलेले पैसे परत मिळतील असे कलम स्पष्ट शब्दांत घाला. आमच्या केंद्रावर एका लहान समाजाच्या मंडळाने वर्षाचे पैसे आगाऊ भरले होते. चौथ्या महिन्यात मालकांनी संपूर्ण केंद्र दुसऱ्या चालकाला दिले आणि त्या मंडळातली वृद्ध माणसे पुढे कित्येक महिने पैशांसाठी कार्यालयात हेलपाटे घालत राहिली. त्यांच्यासमोर मी मान वर करू शकत नव्हतो. हे आपल्या मंडळाच्या बाबतीत होऊ नये, एवढ्यासाठीच मी इतके तपशिलात लिहीत आहे.

सही करण्यापूर्वी आणखी एक काम मंडळातल्या तरुणांना सांगा. आपले सभासद जेथे राहतात त्या गावांतून, मोटारीत आणि स्वयंपाकघरातल्या रेडिओवर, सकाळी आणि रात्री ८७.७ ऐकून नोंदी करायच्या. घरात एलईडी दिवे, चार्जर आणि विजेवर चालणारी यंत्रे यांचा विद्युत गोंगाट या खालच्या वारंवारितांवर जास्त जाणवतो, त्यामुळे रस्त्यावर स्वच्छ येणारा आवाज घरात खरखरतो. जून-जुलैत वातावरणातील आयनांच्या थरामुळे शेकडो मैलांवरची केंद्रे अधूनमधून येथे घुसतात, तेव्हा एका दिवसाच्या नोंदीवर विसंबू नका. मी पाहिलेल्या बहुतेक मंडळांनी दरपत्रक आधी मागितले आणि आवाज कोठवर पोहोचतो हे नंतर तपासले.

मंडळाला खरोखर आपले स्वतःचे केंद्र हवे असेल तर त्यासाठी वेगळा, सरळ मार्ग आहे. आयोगाने जानेवारी २००० मध्ये अल्पशक्ती एफएम सेवा सुरू केली. ती केवळ ना-नफा संस्थांसाठी आहे. ३० मीटर उंचीवरून १०० वॅट एवढी शक्ती मिळते आणि साधारण साडेपाच किलोमीटरपर्यंत आवाज पोहोचतो. जाहिराती करता येत नाहीत, मात्र देणगीदारांचा साधा उल्लेख करता येतो. अडचण अशी की अर्ज वाटेल तेव्हा करता येत नाहीत. आयोग मधूनमधून काही दिवसांची खिडकी उघडतो. २०१३ नंतरची खिडकी डिसेंबर २०२३ मध्ये उघडली. शिवाय शिकागोच्या आसपास मोकळी वारंवारिता मिळणे कठीण आहे आणि आपले लोक एका वस्तीत नव्हे तर तीस-चाळीस मैलांत विखुरलेले आहेत. अशा समाजाला साडेपाच किलोमीटरचे वर्तुळ अपुरे पडते. म्हणून माझा सल्ला असा की रविवारी सकाळचा एक तास एखाद्या महाविद्यालयीन केंद्रावर मिळवण्याचा प्रयत्न आधी करावा. अनेक विद्यापीठ केंद्रे स्वयंसेवकांना तसे तास देतात, भाडे मागत नाहीत आणि आकाशवाणीची शिस्त अंगी असलेला एखादा ज्येष्ठ निवेदक आपल्या मंडळात असेल तर ते त्याचे स्वागतच करतात. तोच कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर ठेवला की विखुरलेल्या सभासदांची सोय होते.

तिसरी शंका माण तालुक्याची. तेथे ८७.७ ची युक्ती कोणत्याही काळात चालली नसती. भारतात ७ मेगाहर्ट्झ रुंदीच्या वाहिन्यांची ‘पाल’ ही ॲनालॉग दूरचित्रवाणी पद्धत होती आणि आवाज चित्राच्या वर ५.५ मेगाहर्ट्झवर असे. खालच्या पट्ट्यातल्या चौथ्या वाहिनीचे उदाहरण घेतले तर चित्र ६२.२५ वर आणि आवाज ६७.७५ वर येई. एफएमचा पट्टा तेथून वीस मेगाहर्ट्झ दूर आहे. म्हणूनच एके काळी आपल्याकडे काही रेडिओंवर ‘टीव्ही’ असा स्वतंत्र पट्टा दिलेला असे आणि क्रिकेटचे समालोचन ऐकण्यासाठी लोक तो मुद्दाम पाहून घेत. दुसरे म्हणजे मनोऱ्यावरून होणारे दूरचित्रवाणी प्रक्षेपण भारतात दूरदर्शनखेरीज कोणालाही कधी मिळाले नाही, आणि मी ज्यावर काम शिकलो ते अल्पशक्ती प्रक्षेपकही प्रसार भारतीने २०२२ पर्यंत, मोजकी सामरिक ठिकाणे वगळता, बंद करत आणले.

परंतु आपल्याला जे हवे आहे त्यासाठी भारतात आज अधिक स्वच्छ तरतूद आहे, ती सामुदायिक रेडिओची. २००२ मध्ये ती शिक्षणसंस्थांसाठी सुरू झाली आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही खुली झाली. प्रक्षेपक ५० वॅटचा, प्रभावी शक्ती १०० वॅट, अँटेना जमिनीपासून ३० मीटरपर्यंत आणि निदान निम्मे कार्यक्रम त्याच परिसरात तयार झालेले, अशी तिची चौकट आहे. माणसारख्या उघड्या माळरानावर एवढ्या शक्तीत दहा किलोमीटरपर्यंतची गावे सहज मिळतात. मध्ये डोंगराची सोंड आली तर तेवढा भाग सावलीत राहतो. अर्ज करायची संस्था किमान तीन वर्षे नोंदणीकृत आणि त्या भागात काम करणारी असावी लागते, त्यामुळे परदेशातल्या मंडळाने स्वतः अर्ज न करता गावातल्या संस्थेच्या पाठीशी उभे राहावे हे योग्य. आणि आपल्याला उदाहरणासाठी लांब जायची गरज नाही. आपल्याच तालुक्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र २००८ पासून ९०.४ मेगाहर्ट्झवर चालू आहे. पुढच्या सुटीत गावी जाल तेव्हा तेथे जाऊन मनोरा कोणी उभारला, वीज गेल्यावर काय करतात, पावसाळ्यात अँटेनाच्या केबलमध्ये पाणी शिरते का आणि दुरुस्तीला माणूस कोठून येतो, एवढे चार प्रश्न विचारून या. मग पुढचा आराखडा आपण मिळून करू.